हौद्याला ताक

ईश्वरा वस्ताद आमच्या दारावरनं गेला आणि त्यानं मान वर केली नाही. डोक्यावर टॉवेल, नजर खाली, अंग आक्रसून असा चालला होता, जसं आमच्या दारापुढं कुणी काचा पसरून ठेवल्यात. मी सोप्यात ताक घुसळत होते. रवीची दोरी हातातच धरली आणि आत तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या धाकट्या जावेला मुद्दाम मोठ्यानं म्हटलं,

"शालन, गावात माणसं ऱ्हायली न्हाईत बघ. नुसतं टॉवेल हिंडत्यात."

त्याचे खांदे जरासे वर गेले. म्हणजे ऐकू गेलं होतं. पण थांबला नाही. कोपऱ्यावर वळून तालमीकडं निघून गेला.

"कशाला बोलता, आक्का," शालन आतनं म्हणाली. "आधीच त्येचं काय खरं न्हाई."

मी म्हटलं, तोंड माझं आहे आणि सोपाही माझा आहे. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं पलीकडच्या गल्लीनं जावं.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तो सोपा पाडून पोरांनी स्लॅबचं घर बांधलं. ताक घुसळायला मिक्सर आला. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच खिळा रुतला होता. माझा निवास गेला तेव्हा सगळं गाव आमच्या दारात लोटलं होतं. बांधावरनं वैर धरलेली भावकी आली, खाली मान घालून बसली. डेअरीचा सेक्रेटरी आला, ज्याला मी भर चावडीत दूधचोर म्हटलं होतं. शेजारच्या गावचे पैलवान आले, निवासनं ज्यांना पाडलं होतं तेसुद्धा आले आणि दारात हमसून रडले. आला नाही तो एकच माणूस. तिसऱ्याला नाही, दहाव्याला नाही, तेराव्याच्या जेवणाला नाही. ज्याच्या हातात मी माझं पोर दिलं होतं, तोच आला नाही. वर्ष होत आलं, तरी आला नाही. तो का आला नाही, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दुसऱ्या कुणाचं उत्तर मला नको होतं.

निवास माझा शेंडेफळ. थोरल्या दोघांना मी राबून वाढवलं, ह्याला मात्र जरा सवड काढून वाढवलं. सायीचा चोर होता. दुधाच्या पातेल्यावर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवला तरी साय जायची आणि वरवंटा जागच्या जागी असायचा. विचारलं तर म्हणायचा, आये, म्हैसच आज बिनसायीचं दूध देती वाटतं. दुपारी शोधायला जावं तर म्हशीच्या पाठीवर पालथा झोपलेला असायचा, आणि म्हैसही अशी शहाणी, की हलायची नाही.

चालायला नुकता लागला होता तेव्हा जात्याच्या पाळीखाली डाव्या हाताची करंगळी घातली त्यानं. हळद लावली, तेल लावलं, चिंधी बांधली, पण बोट वाकडंच बसलं. बाकीच्या बोटांपासनं फटकून बाजूला. मी त्याला चिडवायची, तुझी करंगळी रुसलेल्या सुनेगत कोपऱ्यात बसलीय. तो म्हणायचा, आये, मग तिला माहेरी धाड की.

शाळेत मन लागेना. मास्तर घरी येऊन सांगून गेले, की पोरगा वर्गात बसतो, पण बाकावर बसत नाही, बाकाला खांद्यावर घेतो. मालक म्हणाले, तालमीत घालू. मीच सोडायला गेले. गेले म्हणजे उंबऱ्यापर्यंत. तालमीत मारुती आहे, आत बाईनं पाय ठेवायचा नाही, ही आमच्या गावची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासनं त्या उंबऱ्याच्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. अंधार दिसायचा आणि हळद-तेल मुरलेल्या मातीचा वास यायचा, एवढंच.

ईश्वरा वस्ताद बाहेर आला. माणूस तेव्हा दरवाजाएवढा होता. त्यानं लग्न केलं नव्हतं, तालमीतच राहायचा, तिथंच भाकरी थापायचा. त्यानं निवासचा दंड चिमटीत धरून बघितला आणि मला विचारलं,

"वैनी, घरात दूध किती हाय?"

"पोराला पुरंल एवढं हाय," मी म्हटलं. "तुम्हाला पुरायचं न्हाई."

तो हसला. पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मग ठरलं. दिवसा ह्यो माझा, रात्री तुमचा."

मला ते बोलणं तेव्हा पटलं नव्हतं. माझं पोर मी कुणाबरोबर वाटून घेईन असं मला वाटलं नव्हतं. पण निवास तोवर उंबरा ओलांडून आत पळाला होता. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही चोरानं.

त्या दिवसापासनं रोज सकाळी धारोष्ण दुधाची कासंडी घेऊन मी उंबऱ्याशी उभी राहायची. हाक मारली की अंधारातनं एक हात बाहेर यायचा, कोपरापर्यंत लाल मातीनं माखलेला. कासंडी घ्यायचा आणि आत जायचा. थोड्या वेळानं रिकामी कासंडी बाहेर यायची. तालमीतलं मी एवढंच बघितलं. तो हात मात्र वर्षागणिक मोठा होत गेला. आधी कासंडी दोन हातांनी घ्यायचा. मग एका हातानं. मग कासंडीच त्या हातात वाटीएवढी दिसायला लागली. करंगळी तेवढी होती तशीच, बाजूला फटकून.

एकदा घरी आला तो एक कान सुजून भज्यागत झालेला. मी कपाळ बडवून घेतलं. हा खुशीत. म्हणाला, आये, कान मोडल्याशिवाय पैलवान होत न्हाई, वस्तादांचे दोन्ही मोडल्यात. मी म्हटलं, वस्तादाला कोण विचारतंय, तुला उद्या पोरगी कोण देणार. तर म्हणतो, जिचा बाप पैलवान असंल तो देईल, त्येला कान दिसायचे न्हाईत.

त्याची कुस्ती मी कधी बघितली नाही. बायका मैदानात बसत नाहीत. जत्रेदिवशी मी देवळामागं निवदाचं घेऊन बसायची आणि कान हलगीकडं ठेवायची. कुस्ती लागली की हलगी चढायची. हातावर हात मारत खडाखडी चालली असली की नुसती टिपरी वाजायची, आणि कुणी डाव धरला की घुमायला लागायची. मग एकदम थांबायची आणि गाव ओरडायचं. त्या ओरडण्यात कुणाचं नाव आहे, ते ऐकायला मी श्वास धरून बसायची. एका जत्रेत त्यानं फेटा मिळवला, तो भगवा, जरीचा. घामानं आणि मातीनं भरलेला तसाच पळत देवळामागं आला आणि सगळ्या बायकांच्या देखत तो फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. मी त्याला बोल लावले, माझं पातळ मळवलंस म्हणून. बायका हसत होत्या. मी तो फेटा घरी येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या जत्रेच्या तोंडावर त्याचं पोट दुखायला लागलं. घरात बोलला नाही. मोठी कुस्ती लागली होती, सांगितलं असतं तर मी सोडला नसता. वस्तादाला सांगितलं. वस्ताद म्हणाला, बेंबी सरकलीय. आमच्याकडं पैलवानाचं पोट दुखलं की बेंबीच सरकलेली असते. उताणा निजवायचा, तेल लावायचं, पोट चोळून बेंबी जागेवर आणायची. वस्तादाच्या हाताखालनं गेलेल्या प्रत्येक पोराची त्यानं अशी बेंबी बसवली होती, आणि पोरं दुसऱ्या दिवशी उठून जोर काढायची. निवासचंही पोट त्यानं चोळलं. दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं तापलं. जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेला. वस्ताद मांडीवर डोकं घेऊन बसला होता. मी पायाशी. वाटेत निवास मला म्हणाला, आये, म्हशीला पाणी दावलंस का. मी म्हटलं, दावलं. दावलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पोटात आतडं फुटलंय, सगळीकडं पू झालाय. आणि विचारलं, पोट कुणी चोळलं. वस्ताद माझ्या शेजारीच उभा होता.  त्यानं भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसला. त्यानंतर मी त्याला जवळून बघितला नाही. निवासला घेऊन आम्ही गावी आलो तेव्हा तो होता की नाही, मला आठवत नाही. मला काहीच आठवत नाही. लोकांनी सांगितलं, की नदीवर अग्नी दिला तेव्हा तो लांब चिंचेखाली उभा होता.

गावानं मग आपलं उत्तर काढलं. पोराला मारलं आणि आता तोंड लपवतोय, असं पारावर बोलायला लागले. माझ्या कानावर आलं. मी त्यात तोंड घातलं नाही. मला जे बोलायचं ते मी माणसाच्या तोंडावर बोलते, पाठीवर नाही.

त्या दिवशी वस्ताद असा दारावरनं निघून गेला आणि मी रवी परत फिरवायला घेतली. लोणी वर आलं तसं माझ्या ध्यानात आलं की जत्रा तोंडावर आली आणि ताक मागायला अजून कुणी आलेलं नाही.

आमच्याकडं जत्रेआधी तालमीचा हौदा उकरतात. हौदा म्हणजे कुस्ती खेळायची ती मातीची जागा. जुनी माती खणून भुसभुशीत करायची, नवी घालायची, आणि तिच्यात हळद, तेल, लिंबू आणि ताक मुरवायचं. ज्या घरचा पैलवान, त्या घरचं ताक. तालमीतली पोरं घागरी घेऊन दारोदार येतात. ज्याच्या दारी घागर येते ते घर त्या वर्षी ताठ मानेनं हिंडतं. निवास तालमीत गेल्यापासनं आमचं दार कधी चुकलं नव्हतं.

मी शालनला म्हटलं, आता आमच्यात पैलवान नाही म्हणून आमचं ताक पण नासलं का.

"तसं न्हवं, आक्का," शालन दारात येऊन हळूच म्हणाली. "यंदा कुणाच्याच दारी घागर आली न्हाई. हौदा उकरणारच न्हाईत म्हणं. वर्षभर मातीला खोरं लागू दिल्यालं न्हाई वस्तादांनी. दगड झालाय नुसता. एका पोराचा खांदा उतरला पडून, तवापासनं पोरं पलीकडच्या गावच्या तालमीत जात्यात. एकटा जालिंदर ऱ्हायलाय, तो बी वस्तादास्नी भाकरी घालाय."

जालिंदर म्हणजे निवासचा जोडीदार. दोघं एकाच वर्षी तालमीत गेले होते आणि रोज एकमेकांना पाडायचे.

मी लोणी काढून घेतलं. ताक घागरीत ओतलं. घागर डोक्यावर घेतली.

"आक्का, कुठं निघाला?"

"घागर दारी आली न्हाई," मी म्हटलं, "म्हणून दार घागरीकडं निघालंय."

खरं सांगायचं तर माझ्या मनात ताक नव्हतं. ताक हे निमित्त. हौदा उकरला तर ताकाला आमच्या दारी यावं लागेल म्हणून उकरत नाही, पोरं गेली तरी हलत नाही, म्हणजे ह्या माणसाला आमची एवढी भीती बसलीय, तर आज त्याला समोर उभा करून विचारायचंच, असं ठरवून मी निघाले होते. वाटेत बायका बघत होत्या. 

तालमीच्या उंबऱ्यावर जालिंदर बसला होता, कांदा चिरत. मला बघून उठला. माझ्या डोक्यावरच्या घागरीकडं बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. ते कांद्यानं नव्हे. हात पुढं करून म्हणाला,

"काकी, हितनंच द्या. मी आत ठेवतो."

"सर."

"काकी, आत मारुती हाय."

"असू दे की. त्येला बी आई हुती."

 तो बाजूला झाला आणि मी उंबरा ओलांडला. लग्न होऊन त्या गावात माझी हयात गेली होती आणि तो उंबरा मी पहिल्यांदा ओलांडत होते.  घागर हलू दिली नाही.

आत डोळे सरावायला वेळ लागला. आधी वास शोधला मी. हळदीचा, तेलाचा तो वास, जो निवासच्या अंगाला असायचा, उशीला असायचा. तो नव्हता. नुसती कोरडी धूळ. मधे हौदा, भेगा पडलेला, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखा. कोनाड्यात मारुती. त्याचा शेंदूर पोपडे धरून गळत होता, पणतीत वात नव्हती, खांद्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. ज्या मारुतीसाठी मला आयुष्यभर बाहेर उभं केलं, त्याला वर्षभर कुणी तेलाचा थेंब दिला नव्हता.

वस्ताद भिंतीला टेकून बसला होता. टॉवेल आता डोक्यावर नव्हता. दाढी छातीवर आलेली, पांढरी, गुंतलेली. मला बघून तो उठायला लागला आणि अर्ध्यातच परत बसला.

"वैनी," तो म्हणाला, "तुम्ही आत कशाला आलासा?"

मी घागर खाली ठेवली. "ताक आणलंय. मागाय कुणी आलं न्हाई."

"यंदा हौदा उकरायचा न्हाई."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला एक इचारायचंय." माझा आवाज चढला होता तो मीच खाली आणला. "माझ्या दारी सगळं गाव आलं. तुम्ही का आला न्हाईसा?"

 जालिंदर दारात येऊन उभा राहिला.  मी उत्तर घेतल्याशिवाय जाणार नव्हते, आणि हे त्यालाही कळलं असावं.

"कुठल्या तोंडानं येऊ," तो शेवटी म्हणाला. "पोट मी चोळलं."

"ठावं हाय मला."

"डॉक्टर म्हणाला, चोळलं नसतं तर..."

"ते बी ठावं हाय. मी तितंच हुतो." आमच्याकडं बायाही असंच बोलतात, गेलो, आलो, होतो. "चुकलंच ते तुमचं. चुकलं न्हाई असं म्हणाय मी आलो न्हाई. पण मी ते इचारलं न्हाई. तुम्ही आला का न्हाईसा, ते इचारलं."

त्यानं मान हलवली, जसं त्याला स्वतःलाच ते माहीत नाही. मला राग आला. एवढं चालून आले, उंबऱ्याची रीत मोडली, आणि गावानं सांगितलेलंच उत्तर हा मला देतोय. मी नजर फिरवली, आणि भिंतीच्या कडेला मला एक वेताची बुट्टी दिसली. पालथी घातलेली, वर दगड. कोंबडी झाकतात तशी.

"हे काय झाकलंय?"

"काकी, ते..." जालिंदर म्हणाला.

"त्येला हात लावू नका," वस्ताद म्हणाला. त्याचा पूर्वीचा आवाज, जो मी उंबऱ्याबाहेरनं कितीदा ऐकला होता, तो आता निघाला.

मला कुणी हात लावू नको म्हटलं की माझा हात तिथंच जातो. मी दगड उचलला, बुट्टी बाजूला केली.

खाली काही नव्हतं. नुसती भुई. मग नीट बघितलं तर भुईत दोन खळगे होते, शेजारी शेजारी. आणि मागं, बुट्टीबाहेर, तीन हात जागा सोडून, आणखी दोन, चवड्यांचे. जोर काढायची जागा. तालमीतला प्रत्येक पैलवान जोर आपापल्या ठरलेल्या जागी काढतो, रोज त्याच जागी हात टेकतो, हे मला निवासनंच कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, मग काय भुईला भोक पाडतोस का. त्यानं खरंच पाडलं होतं.

मी उकिडवी बसले. उजव्या खळग्यात उजवा हात ठेवला. माझा हात त्यात हरवला. बोटं पुढच्या टोकापर्यंत पोचेनात, आणि बाजूला सगळीकडं जागा उरली. मग डावा ठेवला. चार बोटांच्या खुणा नीट सरळ होत्या. पाचवी, करंगळीची, बाजूला फटकून.

 वर्षभर मी रडले होते, पण ते रडणं वेगळं. तिथं मला रडू आलं नाही. मला फक्त तो हात अंधारातनं बाहेर येतोय असं वाटलं, आणि माझ्याजवळ कासंडी नव्हती.

मग मी मान वर करून वस्तादाकडं बघितलं. त्याची दाढी बघितली. मारुतीचा सुका शेंदूर बघितला. वात नसलेली पणती. न हलवलेली माती. आणि मला एकदम कळलं, जे मला घरी बसून, टोमणे मारून, वर्षभर कळलं नव्हतं. सुतकातला माणूस दाढी करत नाही. सुतकातला माणूस देवाला हात लावत नाही. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या दारी जात नाही. लोक त्याच्या दारी येतात. आणि ह्याच्या दारी कुणी आलं नव्हतं.

आमच्या घरचं सुतक तेराव्याला फिटलं. निवासला जिथं ठेवला होता ती सोप्यातली जागा मीच शेणानं सारवली होती, दोन्ही हातांनी. ते काम बाईचं. ती जागा सारवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तिथं बसता येत नाही. तालमीत बाई कुठली? इथं कोण सारवणार होतं?

मी उठले. कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि हौद्यात उतरले. पहिला घाव नुसता वाजला, खोरं उडून आलं. दुसऱ्याला ढेकूळ निघालं. जालिंदर धावत आला, काकी माझ्याकडं द्या म्हणाला. मी म्हटलं, तुझी पाळी यायचीय. चार ढेकळं पदरात घेतली, भुईवर आणून वरवंट्यासारखी मुठीनं फोडली आणि घागरीतलं ताक त्यात ओतलं. माती ताक प्यायली तसा त्यातनं वास आला. हळदीचा, तेलाचा. वर्षभर तो त्या दगडात दडून बसला होता.

मी तो माती-ताकाचा काला हातात घेऊन खळग्याकडं वळले तेव्हा वस्तादाला कळलं. तो गुडघ्यावर सरकत पुढं आला. एवढा मोठा माणूस, रांगत आल्यासारखा.

"वैनी, बुजवू नका," तो म्हणाला. "तेवढंच हाय माझ्याकडं."

"माझ्याकडं तेवढं बी न्हाई, वस्ताद."

तो तिथंच थांबला. मी आधी चवड्यांच्या खुणा भरल्या. मग उजव्या हाताचा खळगा भरला, तळव्यानं दाबला, वरनं हात फिरवला. डावा शेवटी ठेवला. चार बोटं भरली. करंगळीवर आले तेव्हा हात थांबला. जातं, हळद, चिंधी, सगळं त्या बोटभर खाचेत होतं. मी त्यात माझी करंगळी ठेवली, माझी सरळ, त्याची वाकडी, ती नीट बसेना. मग मी तीही भरली. आणि सारवलं. भिंतीपासनं सुरू करून, अर्धगोल हात फिरवत, सगळी जागा एकसारखी होईपर्यंत. माझ्या बोटांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. सारवलेल्या भुईवर त्या राहतातच.

वस्ताद रडत होता. पहिल्यांदाच रडत असावा, कारण त्याला रडायची रीत माहीत नव्हती. लहान पोराला ठसका लागावा तसा रडत होता. जालिंदर दाराकडं तोंड करून उभा होता. मी दोघांनाही रडू दिलं. घागरीत ताक उरलं होतं, ते हौद्यातल्या फोडलेल्या जागी ओतलं आणि रिकामी घागर काखेत घेतली.

"जालिंदर," मी म्हटलं, "तुझी पाळी आली. खोरं घे. संध्याकाळी आणखी ताक धाडतो. आणि मारुतीला आधी तेल घाल, बिचारा वाळून गेलाय."

मग मी वस्तादापुढं उभी राहिले. तो मान वर करेना. माझ्या दारावरनं जाताना करायचा नाही, तसंच.

"वर बघा," मी म्हटलं. त्यानं बघितलं.

"दिवसा तुमचा, रात्री माझा, असं तुम्हीच म्हणाला हुतासा. मग रडाय बी निम्मं निम्मं वाटून घ्यायचं हुतं. पोट चोळलंसा तितं एकदा चुकलासा. आणि सगळं रडणं एकट्यानंच घेऊन बसलासा, तितं त्येच्याहून चुकलासा, वस्ताद. ते मी तुम्हास्नी सोडणार न्हाई. आता उठा, न्हाव्याकडं जावा, आंघोळ करा. तुमचं सुतक फिटलं."